धरणातल्या आईचं आवतान

मी चिडकी बाई आहे. शाळेत मुलं मला दबकून असतात आणि घरी नवरा वेळीच विषय बदलतो. हे आधीच सांगते, कारण पुढे जे झालं त्याची सुरुवात माझ्या चिडण्यातूनच झाली.

दर वर्षी एक मेला मुरबाडला महाराष्ट्र दिनाचा मोठा कार्यक्रम होतो. एक मंडळ तो भरवतं आणि आजूबाजूच्या शाळांतल्या शिक्षकांना त्यात राबायला लावतं. मीही बरीच वर्षं राबले. लावणी, लेझीम, पोवाडा, मंगळागौर, आणि शेवटी 'आपल्या जिल्ह्याची शान' म्हणून कोळीनृत्य. कोळ्यांशी माझं भांडण नाही, त्यांचा ठेका सुरू झाला की माझेही पाय हलतात. पण ज्या मुलींनी खाडी कधी डोळ्यांनी बघितली नाही, त्या पुठ्ठ्याची वल्ही मारत नाचायच्या, मागे सिद्धगडाचा डोंगर उभा असायचा आणि निवेदक म्हणायचा, ही आपल्या मातीची कला. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. शेवटी एका बैठकीत मी विचारलं, आपल्या मुरबाड-शहापूरचं यात काहीच कसं नाही? मंडळाचे एक गृहस्थ चहा फुंकत म्हणाले, "बाई, आपल्याकडे आहे काय? डोंगर, धरणं आणि भात."

"धवले आहेत," मी म्हणाले.

निम्म्या बैठकीला शब्द ऐकून माहीत होता, उरलेल्या निम्म्यांना तोही नव्हता. आणि हे सगळे इथलेच, सगळ्यांच्या आयांच्या लग्नात धवले झालेले. मी तावातावाने सांगत सुटले. लग्नाच्या मांडवात धवलारीण गाते. ती देवांना एकेकाला आवतान देते, म्हणजे लग्नाला या म्हणून बोलावते. नुसतं 'या' म्हणून ती थांबत नाही, तर प्रत्येक देवाला वाट सांगते. कुठल्या वाटेनं उतर, कुठल्या ओढ्यावर पाणी पी, कुठल्या आंब्याखाली घोडा बांध. सिद्धगडावरचा देव नारिवलीला उतरतो, मग काळू नदी ओलांडतो. शहापूरकडचे देव आटगावच्या बाजूनं येतात. ते सगळं कान देऊन ऐकलं तर आमच्या दोन तालुक्यांचा नकाशा काढता येईल, असं ते गाणं आहे. लग्न लागलं की धवलारीण त्याच वाटांनी एकेक देवाला परत घरी पोचवते. त्याशिवाय लग्न पुरं होत नाही.

"कोण गातं आता?" गृहस्थांनी विचारलं.

"माझी आत्या," मी म्हणाले, आणि त्या क्षणी मला इतका अभिमान वाटला की बोलता बोलता मी ताठ झाले.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. सत्तरी कधीच ओलांडलेली. ती लग्न होऊन ज्या गावी गेली ते गाव नंतर धरणात गेलं. घरं उठली, माणसं आटगावच्या अलीकडे उंचावर येऊन राहिली. गावदेवीची मूर्ती काही लोकांनी वर आणून नव्या देवळात बसवली, पण आत्याच्या सासूने ते कधी मानलं नाही. ती म्हणायची, दगड वर आला, आई तिथंच राहिली. ही सासू धवलारीण होती. तिच्या मागे उभं राहून, कित्येक लग्नांत फक्त ओळीचा शेवट धरत आत्या धवले शिकली. ते शिकायची रीत तीच. घरी बसून कुणी शिकवत नाही, कारण लग्नाशिवाय गायचं नाही. आणि सासूच्या धवल्यात धरणातल्या आईला आवतान पाण्याखालच्या वाटेनंच जातं. जुनी वेस, जुना पार, जुनी विहीर, सगळं नावानिशी. ती वाट आता फक्त आत्याच्या तोंडात उरली आहे.

पण आत्याला बोलावणं येणं कमी झालं होतं. हळदीला डीजे लागतो, त्याच्यापुढे म्हातारीचा आवाज कुणाला हवा? एखाद्या लग्नात तिला मानाचं पातळ नेसवून खुर्चीवर बसवत आणि जेवायला वाढत. ती जेवून घरी येई. मला हे बघवत नव्हतं. मला ते धवले वाचवायचे होते, सगळ्या जिल्ह्याला ऐकवायचे होते, आणि खरं सांगायचं तर त्या चहा फुंकणाऱ्या गृहस्थांचं तोंड बंद करायचं होतं.

मी आत्याकडे गेले. ती ओट्यावर वाल सोलत बसली होती. मी सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "लगीन कुनाचं हाय?"

"लग्न नाही आत्या. कार्यक्रम आहे, महाराष्ट्र दिनाचा."

"मंग त्यांना बोलावू कशाला? आले आन् इचारलं, नवरी कंची, तर काय सांगू मी?"

मला हसू आलं. ती हसत नव्हती.

मी तीनदा गेले. दुसऱ्या वेळी म्हटलं, महाराष्ट्राचंच लग्न समज. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचं वाक्य गिळलं. तिसऱ्या वेळी मी रडकुंडीला आले. म्हटलं, तू गेल्यावर हे सगळं जाणार, मग ती पाण्याखालची वाट कुणाला ठाऊक असणार? हे तिला लागलं. तिने वालाची सालं गोळा केली आणि म्हणाली, "तुलस ठेव मांडवात. तिचं लगीन लावू. एरवी कार्तिकात लागतं, पन आडल्या येली लावलं तर देव रागवायचे नायत. उंबराची डांग खरी पायजे. आन् एक हाय बाय. बोलावलं की पोचवायचं. मधी सोडायचं नाय. येल लागल तितका लागल."

"हो," मी म्हणाले.

माझ्या पर्समध्ये कार्यक्रमपत्रिका होती. तिच्यात लिहिलं होतं, धवले, सात मिनिटं. पूर्ण गायला आत्याला दीड तास तरी लागला असता. हे मला माहीत होतं आणि तरी मी हो म्हणाले. मी स्वतःची समजूत घातली होती की एकदा तिचा आवाज लागला की थांबवायची कुणाची छाती होणार नाही. लोक भारावून जातील, पुढचे कार्यक्रम गुंडाळतील. आपल्या माणसाचा अभिमान माणसाला किती मूर्ख करतो याचा मला तेव्हा अंदाज नव्हता.

एक मेच्या संध्याकाळी, ऊन अजून मैदानावरून हटलं नव्हतं तेव्हा, आत्या व्यासपीठावर उभी राहिली. मागे मी आणलेली उंबराची फांदी रोवली होती, समोर तुळस. मागून ओळ धरायला तिच्या वाडीतली एक म्हातारी. आत्याने डोळे मिटले आणि धरतरीपासून सुरुवात केली. मी खाली, पहिल्या रांगेच्या बाजूला उभी होते. लोक गप्प होत गेले. प्रमुख पाहुण्यांनी हातातला फोन उलटा करून मांडीवर ठेवला. चहावाले गृहस्थ मान हलवत होते. मी त्यांची हलणारी मान बघत होते.

सिद्धगडावरचा देव नारिवलीला उतरून काळू नदीपाशी पाणी पीत होता, तेवढ्यात घंटी वाजली. आत्याला घंटी म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, ती गात राहिली. दुसऱ्यांदा घंटी वाजली. मग माईक बंद झाला आणि निवेदकाने दुसरा माईक घेऊन म्हटलं, वा आजी, जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत. लोकांनी खरंच कडकडून टाळ्या वाजवल्या. आत्याचे ओठ हलतच होते. निवेदक आपली परंपरा, आपली अस्मिता यावर बरंच बोलला, लेझीमवाल्या मुली ओळीने वर चढल्या, स्पीकरवर ढोल सुरू झाला आणि दोन कार्यकर्त्यांनी आत्याला प्रेमाने दंडाला धरून खाली आणलं. ती ढोलाच्या आवाजातही गात होती. मग थांबली.

मी पळत मागे गेले. तिने माझं मनगट धरलं.

"मी कुटपावत आलेली गो? आईला आवतान गेलं का?"

मला माहीत नव्हतं. मी, जी धवले वाचवायला निघाले होते, ती त्या वेळी चहावाल्या गृहस्थांच्या मानेकडे बघत होते. मागून धरणाऱ्या म्हातारीला विचारलं. ती म्हणाली, ढोल वाजला तशी मी भ्याली, मला काय बी आठवत नाय. आत्याने पुन्हा डोळे मिटून ओळ जुळवायचा प्रयत्न केला. ढोल मधे येत होता. तिचं बोट हवेत एकेका देवावर ठेवल्यासारखं पुढे सरकलं आणि आईपाशी येऊन अडकलं.

परत जाताना जीपमध्ये ती एकदाच बोलली. "गेलं आसंल तर ती मैदानात हुबी हाय, तिला घरी पोचवाय पायजे. गेलं नसंल तर वाट बगत बसली आसंल, समद्यांना बोलावलं, मला नाय. तिला आदी बोलवाय पायजे. कंचं खरं ते कळल्याबिगर मी तोंड कसं उगडू?"

मी देवाधर्माची बाई नाही. संकष्टीला मी सरळ अंडं खाते. पण त्या जीपमध्ये मला मैदानावरच्या पत्र्याच्या कमानीखाली, पाण्यानं भिजलेली, गावाचं नाव विचारणारी एक बाई उभी दिसली आणि ती नजरेसमोरून हलेना.

आत्याने गाणं बंद केलं. तेवढंच असतं तर मी काळाच्या ओघात ते पचवलंही असतं. पण त्याच महिन्याच्या शेवटी तिच्या नातीचं लग्न होतं. ही नात आत्याच्याच मांडीवर वाढलेली. तिने घरात आधीच सांगून ठेवलं होतं की डीजे नको, माझ्या हळदीला आजीच गाईल. आता आजी म्हणत होती, एक लग्न अर्धं टाकलेलं असताना दुसऱ्याला देव बोलावता येत नाहीत. नातीनं समजावलं, रडली, मग म्हणाली, आजी गाणार नसेल तर मी हळदीलाच बसत नाही. दोघी सारख्याच हट्टी. आत्याच्या मुलाचा मला फोन आला. तो एरवी माझ्याशी अदबीने बोलतो, तेव्हाही बोलला. "ताई, आमी हात टेकले. तुमीच कायतरी बघा," एवढंच म्हणाला. मला त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी मंडळाकडून व्हिडिओ मिळवला. शाळेला सुट्टी होती. दोन दिवस मी तो पुन्हा पुन्हा बघितला. काळू नदीपर्यंत आवाज आहे. मग आत्याचे ओठ हलताना दिसतात आणि निवेदक अस्मितेवर बोलतो. मी आवाज बंद करून बघितलं, आरशापुढे उभी राहून स्वतःच्या ओठांनी 'आई' म्हणून बघितलं, जुनी वेस, जुना पार म्हणून बघितलं. कधी वाटे जुळतंय, कधी वाटे काहीच जुळत नाही. मग कॅमेरा लेझीमच्या मुलींकडे वळतो आणि आत्या चौकटीबाहेर जाते. त्यानंतरही ती गात होती, हे मी स्वतः बघितलेलं. पण काय गात होती? एवढी शिकलेली बाई मी, आणि मला माझ्याच घरातलं गाणं ओठांवरून ओळखता येत नव्हतं, कारण ते मला कधी पूर्ण येतच नव्हतं. अभिमान तेवढा येत होता.

लग्नाला चार दिवस उरले होते तेव्हा मी आत्याकडे गेले. मांडवाचे वासे येऊन पडले होते. नात आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून निजली होती. आत्या परसात, धरणाच्या बाजूला तोंड करून बसली होती.

"कळलं आत्या," मी म्हणाले. "व्हिडिओत दिसतंय. आईला आवतान गेलं होतं."

ती वळली. "गेलतं?"

"गेलं होतं."

"तुला दिसलं?"

"दिसलं. अगदी जुन्या विहिरीपर्यंत."

तिने डोळे मिटले. श्वास सोडला. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "माज्या भावाची पोर शिकलेली म्हनून बरं झालं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला मुरबाडच्या मैदानावर नेलं. तिथे साड्यांचा सेल लागला होता. उंबराची फांदी जिथे रोवली होती तिथे बायका परकर निवडत होत्या. आत्याने कुणाकडे बघितलं नाही. तिने तुळशीच्या लग्नाला बोलावलेल्या सगळ्या देवांची उशीर झाल्याबद्दल माफी मागितली आणि गाऊ लागली. मला म्हणाली, मागून धर. सेलवाल्याने आधी हटकलं, मग स्वतःच स्पीकर बंद केला. आत्याने एकेकाला पोचवलं. आईची पाळी आली तेव्हा तिचा आवाज खाली आला, लेकीला सासरी घालवताना येतो तसा. जुन्या वाटेनं जा, विहिरीत गाळ असेल, पाय जपून ठेव. मी मागून ओळ धरत होते आणि रडत होते. आत्याला वाटलं मला आईची माया लागली. जिला कदाचित बोलावलंच नव्हतं तिला आम्ही दोघी निरोप देत होतो.

लग्न झालं. आत्या अशी गायली की मांडवातल्या तरुण पोरांनी फोन खिशात ठेवले. नातीचा चेहरा हळदीनं आणि आनंदानं चमकत होता. सगळे मला म्हणाले, ताई, तुमच्यामुळे झालं.

आणि मग तो सात मिनिटांचा व्हिडिओ फोनाफोनांतून फिरला. कसाऱ्यापासून मुरबाडपर्यंत लोकांना अचानक आठवलं की आपल्याकडे धवले असतात. आत्याला लग्नांची बोलावणी येऊ लागली. मंडळाने शाल देऊन माझा सत्कार केला. पुढच्या वर्षी वीस मिनिटं द्यायचं कबूल केलं, ते आत्याने नाकारलं. चहावाले गृहस्थ भाषणात म्हणाले, आपल्या दोन तालुक्यांची ओळख बाईंनी राज्याला करून दिली. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं. शाळेत मुली मधल्या सुट्टीत धवल्यांच्या ओळी गुणगुणतात, आणि मी स्टाफरूमचं दार लावून घेते.

कारण आत्याने आता मला मागे घेतलं आहे. मागून धरणारी म्हातारी थकली. आत्या म्हणते, माझ्यामागे तूच. गेल्या दोन हंगामांत मी तिच्याबरोबर बऱ्याच मांडवांत उभी राहिले. धरतरी येते, चंद्र-सूर्य येतात, म्हसोबा येतो, सिद्धगडाचा देव काळू नदी ओलांडतो. मग आईची ओळ येते, मी तोंड उघडते. आवाजच फुटत नाही. खरं सांगावं, असं मी प्रत्येक लग्नाच्या आदल्या दिवशी ठरवते. पण खरं सांगितलं तर नातीच्या लग्नापासून पुढची एकेक लग्नं तिच्या लेखी उसवतील, आणि नातीच्या कडेवर आता मूल आहे. नाही सांगितलं तर ती ओळ माझ्या तोंडातून कधी निघणार नाही, आणि आत्यानंतर ती वाट कुणालाच माहीत नसेल. मी वाचवायला गेले होते, त्या आईलाच मी बुडवलं आहे. यातून सुटायचा रस्ता मला दिसत नाही.

परवा शहापूरजवळच्या एका लग्नात पुन्हा तेच झालं. मी तोंड उघडून नुसती उभी राहिले, आत्याने एकटीने ओळ पुरी केली. धवले आटोपल्यावर ती मला बाजूला घेऊन बसली. रागावली नव्हती.

"बाकी समदं येतं तुला," ती म्हणाली. "आईपाशीच का अडतीस गो, दर टायमाला?"

"घसा बसलाय आत्या," मी म्हणाले.

तिने मांडवातल्या एका पोरीला हाक मारली आणि माझ्यासाठी मीठ घालून गरम पाणी आणायला सांगितलं.